जुनी गाडी, नवं रबर

जुन्या गाडीचं जवळजवळ सगळं जुनंच ठेवता येतं. साठ वर्षांपूर्वीचं इंजिन उघडून, घासूनपुसून परत बसवता येतं. सीटचं मूळ चामडं टिकवता येतं. डॅशबोर्डवरची घड्याळं, तारांची चाकं, नशीब असेल तर कारखान्यात लावलेला रंगसुद्धा. फक्त टायर नाही. वापरला तरी संपतो आणि न वापरता नुसता ठेवला तरी संपतो, असा गाडीतला हा भाग. त्यामुळे इकडे अमेरिकेत ज्यांच्या गॅरेजमध्ये एखादी जुनी स्पोर्ट्स कार झाकून ठेवलेली असते (आणि अशी मंडळी मोजायला बसलात तर दमाल), त्यांना दर काही वर्षांनी एक प्रश्न छळतो: आता टायर कोणते टाकायचे?

आपल्याकडे हा प्रश्न दुकानदार सोडवतो. गाडीचं नाव सांगायचं, तो आतून चार टायर घरंगळत आणतो, संपलं. इथे मात्र मी मोठमोठ्या शहाण्या माणसांना यावरून तावातावाने भांडताना पाहिलंय. मी राहतो ईशान्य ओहायोत, ॲक्रन शहरापासून अर्ध्या तासावर. आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त गृहस्थांकडे साठच्या दशकातली एमजीबी आहे. मी मेकॅनिकल इंजिनियर, म्हणून त्यांनी मला सल्ला विचारला. मी आकडे घेऊन बसलो आणि बघताबघता आकड्यांतून इतिहासात जाऊन पडलो. आता माझं मत असं झालंय की हा प्रश्न मुळात खरेदीचा नाही, इतिहासाचाच आहे. ही गाडी ज्यांनी बनवली त्यांच्या डोळ्यांसमोर कोणता टायर होता, हे आधी कळायला हवं.

एमजीबी आपल्याकडे फारशी कुणी पाहिली नसेल. दोन माणसांची, उघड्या टपाची, बुटकी ब्रिटिश गाडी. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावात १९६२ ते १९८० ती बनत होती. पाच लाखांवर गाड्या निघाल्या आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त समुद्र ओलांडून इकडे आल्या. १७९८ सीसीचं इंजिन, मागे बैलगाडीच्या नात्यातले पाटे, शॉक ॲब्सॉर्बरही जुन्या दांडीवाल्या पद्धतीचे. सुरुवातीच्या वर्षांत तिला टायर यायचे ५.६०-१४ मापाचे, क्रॉस-प्लाय जातीचे.

हे माप बघून मला एकदम मुंबईची टॅक्सी आठवली. आपल्या प्रीमियर पद्मिनीचा टायर होता ५.२०-१४. म्हणजे रिम तेवढीच, चौदा इंची, आणि रुंदीत फरक किती, तर एक सेंटीमीटर! इकडे जिला लोक स्पोर्ट्स कार म्हणून मिरवतात ती साधारण आपल्या काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या पायताणावर धावायची. पद्मिनी म्हणजे मूळची इटलीतल्या तोरिनोची फियाट ११००. आणि गंमत म्हणजे आपला सीएटसुद्धा तिथलाच. त्या नावातला 'टी' हा टायरचा नव्हे, तोरिनोचा. १९२४ साली तिथे विजेच्या तारा आणि तत्सम वस्तू बनवणारी कंपनी म्हणून तो जन्मला आणि १९५८ मध्ये मुंबईत आला. असो, हे विषयांतर झालं.

क्रॉस-प्लाय म्हणजे काय हे थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आपल्याकडे याला सरसकट 'नायलॉन टायर' म्हणत. टायर म्हणजे नुसतं रबर नसतं. रबराच्या आत धाग्यांचे थर असतात आणि हवेचा दाब खरं तर ते धागे पेलतात. क्रॉस-प्लायमध्ये हे थर तिरके, एकावर एक उलटसुलट टाकलेले असतात, खाटेच्या नवारीसारखे. त्यामुळे टायरची बाजू आणि रस्त्याला टेकणारा भाग हे एकच अखंड कवच बनतं. बाजू वाकली की तळही वाकतो. गाडी वळणावर गेली की बाजूवर ताण येतो, आणि नक्षीचा भाग रस्त्यावरून थोडा उचलला जातो, मुरगळतो. पकड कमी होते. पण ती एकदम सुटत नाही. गाडी हळूहळू, आधी सूचना देत घसरायला लागते, चालवणाऱ्याला सावरायला वेळ मिळतो.

रेडियल टायरचा विचार नेमका उलटा. मिशलॅं कंपनीत मारियुस मिन्योल नावाचा माणूस होता, शिक्षणाने इंजिनियर नव्हता. टायर का तापतो हे शोधण्यासाठी एक विचित्र प्रयोगी टायर तयार झाला. त्याच्या बाजूंचं रबर काढून जागोजागी नुसत्या धातूच्या तारा ठेवल्या होत्या, म्हणून त्याला गमतीने 'माश्यांचा पिंजरा' म्हणत. त्यातून दिसलं की बाजूच्या थरांचं एकमेकांवर घासणं हेच उष्णतेचं मूळ आहे. मग धागे तिरके न टाकता सरळ या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवे टाकले आणि वरून, नक्षीच्या खाली, पोलादी तारांचा पट्टा गुंडाळला. ४ जून १९४६ ला पेटंटचा अर्ज झाला आणि १९४९ मध्ये तो 'मिशलॅं एक्स' म्हणून बाजारात आला. आता बाजू आपली वाकत राहते आणि तळ आपला रस्त्याला सपाट चिकटून राहतो. दोघांचा काडीमोड झाला म्हणा ना. टायर कमी तापतो, कमी झिजतो, पेट्रोल वाचतं.

इटलीत पिरेलीने हीच कल्पना थोडी मवाळ केली. पोलादाऐवजी कापडी पट्टा वापरला आणि त्या टायरचं नावच 'सिंतुरातो' म्हणजे 'कंबरपट्टा बांधलेला' असं ठेवलं. चाल मऊ, म्हणून पुढे फेरारी, लॅंबोर्गिनी, ॲस्टन मार्टिन अशा गाड्यांखाली ते टायर गेले.

जुन्या स्पोर्ट्स कारच्या दृष्टीने हा काळ मोठा अडचणीचा आहे. पन्नास आणि साठच्या दशकांत गाड्या एका पायावर क्रॉस-प्लाय आणि दुसऱ्या पायावर रेडियल अशा उभ्या होत्या. जॅग्वार ई-टाइप १९६१ साली आली ती डनलॉपच्या क्रॉस-प्लाय टायरवर. तिच्या जाहिरातीत ताशी १५० मैल वेगाचा डंका होता. मासिकांच्या चाचण्यांत तो आकडा निघालाही, पण त्या चाचण्यांसाठी दिलेल्या गाड्यांना डनलॉपचे शर्यतीचे टायर लावलेले होते! गिऱ्हाइकाला मिळायचे ते निराळे. टायरचा विषय निघाला की मी ही गोष्ट सांगतोच.

एमजीबीही पुढे रेडियलवर गेली आणि १६५ एसआर १४ हे तिचं नेहमीचं माप झालं. हा आकडा वाचायला शिकणं म्हणजे अर्धा इतिहास वाचणं. १६५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये. १४ हा रिमचा व्यास मात्र इंचात. एक पाय पॅरिसमध्ये आणि एक लंडनमध्ये! 'आर' म्हणजे रेडियल आणि 'एस' म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंत चालेल. 'एच' असेल तर २१०, आणि 'व्ही' त्याच्यावर. उंचीचा आकडा यात नाहीच, कारण तेव्हा सगळे टायर रुंदीच्या साधारण ८० टक्के उंच असायचे, मग लिहायचं कशाला? पुढे बसके टायर आले तेव्हा १८५/७० असं लिहिणं सुरू झालं.

आता शेजारच्या काकांचा प्रश्न. (इथे काका म्हणत नाहीत, सरळ नावाने हाक मारतात, मला अजून जमत नाही.) त्यांना क्लबातल्या एका मित्राने सांगितलं होतं, रुंद टायर टाक, १९५/६० घाल, गाडी रुळावरून गेल्यासारखी वळेल. ऐकायला छान आहे. हिशोब करू या.

१६५ रुंदीचा, ८० टक्के उंचीचा टायर: व्यास सुमारे ६२० मिलिमीटर. १९५/६० चा व्यास ५९०. म्हणजे जवळजवळ पाच टक्क्यांनी लहान. ओव्हरड्राइव्ह नसलेली एमजीबी चौथ्या गियरमध्ये हजार फेऱ्यांना साधारण १८ मैल वेग देते, म्हणजे हायवेवर सत्तर मैलांना इंजिन ३९०० वर ओरडत असतं. लहान चाकावर ते ४१०० वर जाईल. स्पीडोमीटर खोटं बोलायला लागेल ते वेगळंच. या मानाने १८५/७० चा व्यास ६१५ आहे, म्हणजे मुळाशी जवळपास जुळतो.

पण खरा मुद्दा व्यासाचा नाही, पकडीचा आहे. गाडी आणि चालक मिळून वजन धरा हजार किलो, प्रत्येक चाकावर अडीचशे. टायरमध्ये हवा २४ पौंड. अडीचशे किलोला दाबाने भागा: सुमारे दीडशे चौरस सेंटीमीटर. म्हणजे बोटं पसरून आपला एक पंजा टेकवला तर जेवढी जागा, तेवढ्यावर ते चाक उभं असतं. सगळी गाडी मिळून चार पंजे. आणि टायर रुंद केला, हवा तेवढीच ठेवली, तर ही जागा फारशी वाढतच नाही! नुसता आकार बदलतो, लांबट पंजा होता तो आडवा होतो. वळणावर त्याचा फायदा असतो, नाही असं नाही. पण पावसात आडवा पंजा पाण्यावर तरंगायला लवकर तयार होतो, पॉवर स्टेअरिंग नसलेल्या गाडीत पार्किंग करताना दंड भरून येतात, आणि मागच्या मडगार्डाची कड टायरला घासते.

आणि समजा, पकड खूप वाढलीच. मग तो जोर कुठे जाणार? टायर घसरत नाही म्हटल्यावर ताण पुढे सरकतो. तारांच्या चाकांवर, पाट्यांवर, सांध्यांवर. हे सगळं अशा काळात आखलेलं आहे, जेव्हा टायर बिचारा आधीच हार मानायचा. टायर हा त्या रचनेतला विजेच्या फ्यूजसारखा भाग होता. फ्यूजच्या जागी जाड तार लावली की काय होतं हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे.

शिवाय मजा. रुंद चिकट टायरवर जुनी गाडी मरगळल्यासारखी वाटते, कारण ती जिथे हलायला, बोलायला लागायची तिथवर तुम्ही पोचतच नाही. हे आजच्या इंजिनियरांनाही कळलेलं आहे. टोयोटाने २०१२ मध्ये जीटी ८६ नावाची स्पोर्ट्स कार काढली, तेव्हा तिला मुद्दाम प्रियसला मिळायचे तसले कमी पकडीचे टायर दिले होते. प्रियस! म्हणजे काटकसरीच्या गाडीचे टायर स्पोर्ट्स कारला. लोक हसले, आणि चालवल्यावर खूश झाले.

मग सरळ जुनेच, क्रॉस-प्लायच का टाकू नयेत? तेही मिळतात. टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा गावात कोकर नावाची कंपनी १९५८ पासून आहे. तिने जुन्या मापांचे, जुन्या नक्षीचे टायर नव्याने बनवून विकणं हाच धंदा केला. प्रदर्शनात गाडी नेणाऱ्यांना असे टायर लागतात, परीक्षक बाजूवरची अक्षरंसुद्धा तपासतात. पण रोज रस्त्यावर? सिमेंटच्या रस्त्यावर खोबण असेल तर क्रॉस-प्लाय तिच्या मागे मागे जातो, आणि नायलॉनचा टायर रात्रभर उभा राहिला की खाली सपाट होतो, सकाळी पहिला मैलभर गाडी धडधडते. ज्यांनी ॲम्बॅसेडर चालवली आहे त्यांना हे सांगायला नको. माझ्या मते जी गाडी दोन्हींवर चाललेली आहे, तिला रेडियलच घालावा, पण जुन्या मापाचा, उंच बाजूचा.

एक मात्र कधीही करू नये: पुढे रेडियल आणि मागे क्रॉस-प्लाय. पुढची चाकं वळणावर घट्ट धरून ठेवतात, मागची सोडतात, आणि गाडी स्वतःभोवती फिरते. ब्रिटनमध्ये हे कायद्यानेच बंद आहे. जुन्या गाडीचे दोनच टायर बदलून पैसे वाचवू पाहणारे या सापळ्यात सापडतात.

आता स्टेपनी. हा शब्द मी इथे ऑफिसात एकदा बोलून गेलो, कुणालाही कळला नाही. हा इंग्रजी शब्द आहे असं मी शपथेवर सांगत होतो, आणि इंग्रजी बोलणारे माझ्या तोंडाकडे बघत होते! सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसायचंच. पंक्चर झालं की रस्त्यात बसून टायर काढा. १९०४ साली वेल्समधल्या लानेली गावात डेव्हिस बंधूंनी एक तोडगा काढला. आरे नसलेली नुसती रिम, तिच्यावर हवा भरलेला टायर, ती पंक्चर चाकाला बाहेरून चिमट्यांनी बांधायची आणि घरी जायचं. त्यांचं दुकान स्टेपनी रस्त्यावर होतं म्हणून ते 'स्टेपनी' चाक. इंग्लंडात ती वस्तू गेली, शब्दही गेला. आपल्याकडे वस्तू बदलली पण शब्द टिकला. जुन्या गाडीची स्टेपनी जरूर तपासावी, कारण सगळ्यात म्हातारा टायर बहुतेक तिथेच, डिकीच्या अंधारात असतो.

म्हातारपणाकडे येण्याआधी ॲक्रनबद्दल सांगायलाच हवं, कारण माझ्या घरापासून अर्ध्या तासावर या सगळ्याची किंमत मोजणारं गाव आहे. १८७० मध्ये गुडरिच इथे आला, १८९८ मध्ये गुडइयर, १९०० मध्ये फायरस्टोन, १९१५ मध्ये जनरल टायर. जगाची रबर राजधानी म्हणत. जुने लोक सांगतात की हवेलाच रबराचा वास असायचा आणि त्याला कुणी वाईट म्हणत नसे, तो पगाराचा वास होता.

रेडियल आला तेव्हा ॲक्रनने त्याच्याकडे पाठ फिरवली. कारणं वेडगळ नव्हती. रेडियल बांधायला वेगळी यंत्रं लागतात, अचूकपणा फार लागतो, म्हणजे कारखाने मोडून नवे उभारायचे. डेट्रॉइटच्या गाड्या मऊ, डुलत चालणाऱ्या; त्यांना रेडियल कडक वाटायचा. आणि सगळ्यात मोठी गोम: चाळीस हजार मैल चालणारा टायर विकला, तर गिऱ्हाईक परत कधी येणार? १९६५ मध्ये गुडरिचने रेडियल काढला, पण बाकीच्यांनी त्याला साथ दिली नाही. गुडइयरने १९६७ मध्ये मधला मार्ग काढला, जुन्या यंत्रांवर निघेल असा पट्टेवाला क्रॉस-प्लाय. दरम्यान १९६६ पासून सीअर्सच्या दुकानांतून मिशलॅंचे रेडियल दुसऱ्या नावाने विकले जात होते, १९६८ मध्ये 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'ने त्यांची तारीफ केली, १९७० च्या लिंकन मार्क थ्रीखाली मिशलॅं कारखान्यातूनच आले. १९७३ ला अरबांनी तेल रोखलं, पेट्रोल महागलं, आणि रेडियलचा विरोध संपला.

फायरस्टोनने मग घाई केली. त्यांच्या 'फायरस्टोन ५००' रेडियलमध्ये पोलादी पट्टा आणि रबर यांची पकड सुटायला लागली, अपघात झाले, माणसं मेली. १९७८ मध्ये एक कोटीहून जास्त टायर परत बोलवावे लागले. १९८२ मध्ये जनरलचा ॲक्रनमधला कारखाना बंद झाला, आणि गावात मोटारींचे टायर बनणंच थांबलं. जनरल १९८७ मध्ये जर्मनांकडे गेली, फायरस्टोन १९८८ मध्ये २६० कोटी डॉलरला जपानच्या ब्रिजस्टोनकडे, गुडरिचचे टायर १९९० मध्ये चक्क मिशलॅंकडे. गुडइयरने रेडियलसाठी वेळेवर पैसा ओतला, म्हणून ती स्वतःच्या नावाने उभी आहे. माझे शेजारी यातल्याच एका कारखान्यात होते. आपल्या ब्रिटिश गाडीला टायर निवडताना ते 'फ्रेंच नको' म्हणाले, तेव्हा मी वाद घातला नाही.

तर म्हातारपण. आपल्याकडे टायरचं वय नक्षीवरून ठरतं. गोटा झाला की बदलायचा, काही लोक त्यानंतरही वर्षभर. जुन्या स्पोर्ट्स कारचा धोका बरोबर उलटा आहे. ती वर्षाला हजार मैलही चालत नाही, त्यामुळे टायर गोटा होतच नाही. नक्षी नव्यासारखी, खाचा खोल, आणि आतलं रबर मेलेलं. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन रबर कडक करतात. त्यापासून वाचवायला रबरात मेण आणि रसायनं घातलेली असतात. पण टायर फिरताना दबतो, वाकतो तेव्हाच ती पृष्ठभागावर येतात. म्हणजे गॅरेजात जपून ठेवलेल्या गाडीचे टायर रोज पळणाऱ्या गाडीपेक्षा लवकर तडकू शकतात! उष्णतेने हे आणखी वाढतं. त्यात हवा कमी असेल तर विचारायलाच नको. २००० साली फोर्ड एक्स्प्लोररखालचे ६५ लाख फायरस्टोन टायर परत बोलवावे लागले, त्या प्रकरणात अमेरिकेत २७१ मृत्यूंची नोंद झाली. टायरमधला दोष, उन्हाळा आणि कमी हवा, तिघांचा त्यात हात होता.

नोव्हेंबर २०१३ मध्ये 'फास्ट अँड फ्युरियस'चा नट पॉल वॉकर कॅलिफोर्नियात पोर्श कॅरेरा जीटीच्या अपघातात गेला. गाडी त्याचा मित्र चालवत होता, तोही गेला. चौकशीत कारण निघालं अतिवेग, ताशी ४५ मैलांच्या रस्त्यावर ८० ते ९३ मैल. पण त्याच चौकशीत हेही निघालं की गाडीचे टायर नऊ वर्षांचे होते. गाडी २००५ ची, फार न चाललेली. वेग नसता तर काय झालं असतं, असा प्रश्न आपण विचारू शकतो, उत्तर मिळणार नाही. पण ज्या गाडीत ६०० अश्वशक्ती आहे तिच्या मालकाने टायरवरचा आकडा वाचायला हवा, एवढं नक्की.

तो आकडा असा वाचतात. टायरच्या बाजूवर 'डीओटी' या अक्षरांपासून सुरू होणारी एक ओळ असते. तिचे शेवटचे चार आकडे पाहा. २३१९ असेल तर २०१९ सालचा २३ वा आठवडा. २००० सालाआधी तीनच आकडे असायचे, त्यावरून दशक कळतच नसे, म्हणून तीन आकडे दिसले की पुढे विचारच करायचा नाही, काढून टाकायचा. काही मोटार कंपन्या सहा वर्षांनी बदला म्हणतात, मिशलॅं म्हणते दहा वर्षांवर काही झालं तरी ठेवू नका. मी शेजाऱ्यांची गाडी खाली वाकून पाहिली. चारही टायर सुंदर, आणि स्टेपनीवर तीन आकडे.

आता अशा मापाचे नवे टायर बनवतं कोण? दुकानात जा, चौदा इंची, उंच बाजूचे टायर दिसणार नाहीत. आजच्या गाड्या अठरा-एकोणीस इंचांवर गेल्या. म्हणून हा वेगळाच छोटा बाजार आहे. पिरेली सिंतुरातो पुन्हा बनवते, मिशलॅंही जुन्या नक्षीचे टायर काढते: बाहेरून साठ सालचे, आतलं रबर आजचं. आणि या यादीत एक नाव वाचून मला बरं वाटलं. नेदरलँड्सच्या एन्शेडे गावची फ्रेडेश्टाइन ही जुनी कंपनी 'स्प्रिंट क्लासिक' नावाचा टायर बनवू लागली, जुन्या गाड्यांच्या मंडळींत तो फार लोकप्रिय आहे. ही कंपनी २००९ मध्ये आपल्या अपोलो टायर्सने विकत घेतली. साहेबाच्या जुन्या गाडीच्या पायात भारतीय मालकीच्या कंपनीचे जोडे! शेजाऱ्यांनी हेच निवडले. फ्रेंच नव्हते ना.

सगळेच असे सुदैवी नसतात. मिशलॅंने १९७५ च्या सुमाराला टीआरएक्स नावाची पद्धत काढली. इंच-मिलिमीटरचा घोळ संपवू म्हणून रिमही मिलिमीटरमध्ये, उदाहरणार्थ ३९०. विचार शुद्ध, इंजिनियरला आवडेल असा. काही फेरारी, बीएमडब्ल्यू, १९७९ ची फोर्ड मस्टॅंग अशा गाड्यांना ती चाकं लागली. पण बाकी जग इंचावरच राहिलं. त्या रिमवर दुसरा कुठलाच टायर बसत नाही, बसवायचा प्रयत्नही करू नये. अशा गाडीचे मालक मिशलॅंने थोडे थोडे टायर बनवावेत म्हणून वाट बघत बसतात, नाहीतर मूळ चाकंच काढून ठेवतात.

राहता राहिलं बसवणं. तारांच्या चाकात आऱ्यांची टोकं आतून डोकावतात, हवा धरत नाही, म्हणून ट्यूब घालावीच लागते. आज ट्यूब घालणारा माणूस अमेरिकेत शोधावा लागतो. पुण्यात कुठल्याही कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याने डोळे मिटून केलं असतं. एक बारीकशी गोष्ट मात्र त्यालाही सांगावी लागली असती. हल्लीचे टायर ट्यूबलेस म्हणून बनतात, त्यांच्या आतल्या बाजूला कागदी लेबलं चिकटवलेली असतात आणि बारीक उंचवटे असतात. ट्यूब त्यावर घासत राहते आणि काही हजार मैलांनी तिथेच फुटते. लेबलं खरवडून काढायची, हात फिरवून बघायचं, टाल्कम पावडर मारायची, आणि मग ट्यूब घालायची.